पीपी नंबर

मंडळी, आज दुपारी लेकीने तिच्या स्टॉलवर येऊन गेलेल्या सगळ्यांना एका फटक्यात मेसेज पाठवला. "झालं बाबा, फॉलोअप!" उत्तरात नुसते अंगठे आले.

ऐंशीच्या दशकात मी मुलुंडला प्रदर्शनांत स्टॉल लावून मिक्सर विकायचो. प्रदर्शन संपलं की येऊन गेलेल्यांना फोन लावायचे. निम्म्या जणांचा नंबर 'पीपी', म्हणजे फोन शेजाऱ्यांचा.

घाटकोपरच्या साळवींसाठी फोन केला की शेजारच्या बाई म्हणायच्या, "थांबा हं, बोलावते." मग रिसीव्हरमधून कुकरची शिट्टी ऐकू यायची आणि गॅलरीतली हाक, "अहो साळवीऽऽ, मिक्सरवाल्यांचा फोन!"

एकदा साळवी घरी नव्हते. बाई हळूच म्हणाल्या, "वहिनींना हवाय हो, साळवीच नको म्हणतायत. उद्या ते कामाला गेले की करा."

मिक्सर खपला. पोचवायला गेलो तर बाईंच्या दाराला कुलूप. त्यांना कधी पाहिलंच नाही.

आता ज्याचा नंबर त्याच्याच खिशात फोन. त्याने उचलला नाही की विषय संपला. "थांबा हं, बोलावते" म्हणणारं मधे कुणीच नाही.

तुम्हाला फोनवर कोण हाक मारून बोलवायचं?