अण्णांनी दुखण्याला दिलेले मार्क

मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी नवीन जालन्यातल्या आमच्या घरी परीक्षा झाली. परीक्षक आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील... आणि परीक्षेला बसलं होतं त्यांचं स्वतःचं दुखणं!

अण्णा मंठ्याच्या शाळेत मराठी शिकवायचे. रिटायर झाल्यापासून ते आणि आई माझ्याकडेच असतात. दीड वर्षापूर्वी अण्णांच्या पाठीवर नागीण उठली. फोड गेले, पण आग राहिली... नस दुखावली आहे, वेळ लागेल, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या चालू होत्या, फरक जेमतेम.

अंगाला कपडा लागला तरी कळ यायची. इस्त्रीच्या शर्टाशिवाय कधी दारात न आलेला माणूस दिवसभर उघड्या अंगाने आतल्या खोलीत बसायला लागला. दर रविवारी बुद्धविहारात मुलांना शिकवायला जायचे, तेही बंद झालं. मला सगळ्यात जास्त ते लागलं.

अमेरिकेतला मावसभाऊ फोनवर म्हणाला, ताई, इकडे अशा दुखण्यावर गांजाचं औषध देतात, त्याचं कार्ड काढावं लागतं. कार्ड म्हटल्यावर मी लगेच कामाला लागले! बियाण्यांच्या कंपनीत ऑफिसचं काम करते मी, आणि आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांची आधार, रेशनची कामं माझ्याच हातून झालेली. फॉर्म भरणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ.

चौकशी केली तर कळलं, आपल्याकडे असलं कार्डच नाही. भांगेच्या पानांपासून केलेलं आयुर्वेदिक औषध असतं, विजया म्हणतात त्याला... पण नोंदणी असलेल्या वैद्यांनी तपासून चिठ्ठी दिली तरच मिळतं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना आधी विचारलं. चालू गोळ्या वैद्यांना नीट दाखवा, मग हरकत नाही, म्हणाले. मग काय... रिपोर्ट स्कॅन केले, आधार जोडलं, व्हिडिओ कॉलची वेळ घेतली. एका दुपारात काम फत्ते.

अडचण घरातच होती. "नशा न करण्याचं पाचवं शील घेतलेला माणूस आहे मी," अण्णा म्हणाले. "या वयात मला भांग पाजतेस होय?" मी म्हटलं, अण्णा, जे काय विचारायचं ते वैद्यांनाच विचारा.

रविवारी कॉल लागला. वैद्य एक तरुण बाई होत्या, घाई न करता ऐकणाऱ्या. अण्णांनी पहिला प्रश्न शीलाचाच काढला. थेंब मोजून, नशा होणार नाही इतकंच घ्यायचं आणि जरा जरी गुंगी वाटली तर बंद करायचं, असं त्यांनी नीट समजावलं. अण्णांचा चेहरा सैल झाला आणि मी मनातल्या मनात जिंकले सुद्धा.

मग बाईंनी विचारलं, सर, दुखणं दहापैकी किती?

अण्णांनी डोळे मिटले, नीट विचार केला आणि म्हणाले, "चार."

चार!! खुर्चीला पाठ टेकता येत नव्हती त्यांची. बाई लिहिता लिहिता थांबल्या. चारच असेल तर या वयात आणखी एक औषध नको, आहेत त्याच गोळ्या चालू ठेवू, म्हणाल्या. माझी सगळी तयारी पाण्यात... आणि वडिलांना खोटं ठरवायला माझी जीभ काही उचलेना.

तेवढ्यात माझी आई उठली. व्हिडिओ कॉलवर हात हलवण्यापलीकडे जी कधी गेली नाही, ती पदर सावरून थेट फोनसमोर आली.

"म्याडम, ह्यांच्या चारवर बिलकुल जाऊ नका. ह्यांनी निबंधाला दहापैकी साडेसहाच्या वर कुणालाच दिले न्हाईत. बोर्डात आलेल्या पोराला साडेसहा, पोटच्या पोरीला साडेपाच! काल बनियन घालताना ह्यांच्या डोळ्यात पाणी आल्तं, मी बघितलं. मंग चार कसे?"

बाई हसल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "सर, पेपर रिचेकिंगला घ्यायचा का?"

अण्णा आईकडे बघत राहिले. डोळ्यातलं पाणी कुणी पाहिलं असेल, हे त्यांच्या गावीही नव्हतं. मग खाली बघून हळूच म्हणाले, "साडेसहा."

 दीड वर्ष मी रोज विचारायचे, अण्णा कसं आहे... ते म्हणायचे, ठीक आहे... आणि मी ऑफिसला निघून जायचे. फॉर्ममधले सगळे रकाने मी भरले होते, पण उत्तर माझ्या आईला पाठ होतं.

चिठ्ठी मिळाली, औषध आलं, थेंब मोजून सुरू झालं. (हे वाचून कुणी आपल्या मनाने काही घेऊ नका. प्रत्येकाला लागू पडेलच असं नाही, हे बाईंनीही सांगितलंय.)

परवा रविवारी परत कॉल होता. अण्णा शर्ट घालून बसले होते... इस्त्रीचा! पाठीकडून जरा सैल, पण शर्ट. कॉल झाला की विहारात जायचं होतं त्यांना. बाईंनी विचारलं, आता किती?

"तीन," अण्णा म्हणाले.

अरे वा, छान, असं बाई म्हणाल्या. तर अण्णा एकदम मास्तरांच्या आवाजात, "छान कसलं? पस्तीस टक्क्यांच्या खाली म्हणजे नापास!"

आई उठून आत गेली. दोन मिनिटांत तुपात रवा भाजल्याचा वास आला... कुणीतरी नापास झालं म्हणून आमच्या मास्तरांच्या घरात शिरा झाला, असं पहिल्यांदाच घडलं. अण्णांना पटणार नाही, पण आईला माझ्याकडून दहापैकी दहा.