मशीनमधलं खोबरेल

बायकोनं आणि मी जोडीनं केलेलं शेवटचं काम म्हणजे शिलाई मशीनला चुकीचं तेल घालणं. मशीनचं तेल संपलं होतं आणि तिला बाजाराची पिशवी पुरी करायची होती. "आज माझं डोक्याचं खोबरेल घाला," ती म्हणाली, "पण धाकट्याला सांगू नगा." ती भोकं दाखवत गेली, मी थेंब सोडत गेलो. चौथ्या दिवशी छातीत कळ येऊन ती गेली. पिशवी एका बाजूनं उघडीच राहिली.

धाकटा म्हणजे तिचा भाऊ, माझा मेव्हणा. कराडला घड्याळं आणि मशिनी दुरुस्त करतो. त्याच्या लेखी जगातली सगळी भांडणं, दुखणी आणि काडीमोड चुकीच्या तेलानं होतात. सदऱ्याच्या खिशात तीन कुप्या: घड्याळाची, मशीनची, सायकलची. घड्याळात टाचणीच्या टोकावर मावेल एवढंच तेल सोडतो, सोडताना श्वास धरतो, समोरच्यालाही धरायला लावतो. एकदा गिऱ्हाईक खोकलं, तर त्याला घड्याळासकट दुकानाबाहेर काढलं. "जाड तेल पाव्हण्यागत असतंय दाजी, बसलं की उठत न्हाई," असं मला दर भेटीला ऐकवतो. स्वतःसाठी पोरगी बघायला गेला, तर तिथल्या पंख्याची कुरकुर सोसवेना म्हणून स्टुलावर चढला. पोरगी पोहे घेऊन आली तेव्हा तिला ह्याचे पायच दिसले. तिनं पायांनाच होकार दिला. संसार बरा चाललाय.

तेल मात्र तो नुसत्या वासानं ओळखतो. माझी पंचाईत तिथंच होती. थंडी पडली, खोबरेल थिजलं, मशीनचं चाक हलेना. दुरुस्तीला त्याला बोलवावं तर बायकोला दिलेला शब्द मोडतो. मी मशीनवर तिचं लुगडं टाकलं.

पौषात तो आपणहून आला.

"आक्काची मशीन बघतो."

"चांगली हाय."

"मग झाकलीया कशाला?"

त्यानं लुगडं काढलं, चाक ओढलं, भोकात बोट घालून हुंगलं. "खोबरेल."

"मी घातलं. तिला काय बी म्हाईत न्हवतं."

"दाजी, सगळ्या भोकांत घातलंय. तुमाला त्यातलं एक तरी ठाऊक हाय का?"

मी आढ्याकडं बघितलं. आता शिव्या येणार म्हणून वाट बघत राहिलो. त्यानं बोट परत नाकाशी नेलं आणि बराच वेळ तिथंच ठेवलं.

मग चिंधीनं खोबरेल पुसून काढलं, रॉकेलनं सगळं धुतलं, पातळ तेल सोडलं. मळकी चिंधी तो कधी जवळ ठेवत नाही. ही खोबरेलाची मात्र घडी घालून खिशात ठेवली, कुप्यांच्या मागं. जाताना म्हणाला, "सकाळी जरा चालवा, तेल फिरू द्या. आन् ती खोबरेलाची बाटली मशीनपासनं लांब ठेवा."

सकाळी मी मशीन चालवली. पिशवीची उरलेली बाजू शिवली, वाकडी झाली. बाटलीत थोडं खोबरेल शिल्लक होतं. टाळक्यावर केस नाहीत, तरी लावलं, आणि पिशवी घेऊन बाजाराला गेलो.