हिराने मागे नेलेले दगड

धाकटा भाऊ बारकू धावत आला तेव्हा मी चहा पीत होतो. म्हणाला, "दादा, वहिनीच्या पायाखालची कड गेली." मी म्हटलं, "मग वर ये म्हणावं तिला." असलं माझं तोंड... ती वर आली नाही, चौघांनी आणली. दीड महिना झाला त्याला.

हिरा माझी बायको. अंजूर गावाच्या अंगाला आमचं शेत, त्याला लागून घळ. गोदामांच्या भरावासाठी शेजारचं टेकाड पोखरलं, तेव्हापासून पाणी मोकाट सुटतं आणि घळ शेतात घुसते. ते मोजायला कॉलेजातली तन्वी तीन वर्षं ड्रोन घेऊन येत होती. काठापासून दहा पावलांवर तिने चुना लावलेले दगड मांडले. त्या खुणांवर यंदाचे फोटो मागच्या फोटोंशी जुळवायचे आणि माती कुठे जास्त वाहून जातेय ते गणिताने काढायचं. तिथे नकाशात लाल. लाल असेल तिथेच सरकारी दगडी बांध मिळणार होता.

हिराला त्या पोरीचा लळा. म्हणाली, "पोरीचे दगड पडतील वो घळीत." मी म्हटलं, "मग सरकव की मागं! मला काय विचारतेस?" तिने दर पावसाळ्यानंतर दहा पावलं मोजून दगड मागे नेले, वर नवा चुना लावला. काठ आत येत होता, दगडही आत; मधलं अंतर तेच दहा पावलं. नकाशात आमचा कोपरा हिरवागार. बांध दुसरीकडे गेला. "उगा घाबरतेस, कोपऱ्याला काय बी झालेलं न्हाय," म्हणून मीच तिला हसलो. तिथेच ती गवत कापायला गेली.

तेराव्यानंतर तन्वीला हे सांगितलं. ती म्हणाली, "काका, मला विचारायचं तरी!"

"तू सांगितलंस का, दगड हलवायचे न्हायत म्हणून?"

रडली. मी रडू दिलं. मग दगड सोडून, जागचे न हलणाऱ्या शेतातल्या सागाच्या बुंध्यांवरून तिने सगळं गणित पुन्हा केलं. कोपरा लालभडक आला. आता बांध मंजूर आहे.

मी विचारलं, "ड्रोन आलं की हिरा शेतात असायची. नकाशात का न्हाय?" म्हणाली, "हलणारी माणसं यंत्र पुसून टाकतं काका, दुसऱ्या फोटोतलं गवत तिथं बसवतं." म्हटलं, मूळ फोटो काढ. शेकडो निघाले. ते कुणी एकेक बघतच नाही. एकात ती सापडली... तो मोठा करून भिंतीला लावलाय. वरून तोंड दिसत नाही. डोक्यावरचा पदर दिसतो आणि पोटाशी दोन्ही हातांनी धरलेला पांढरा दगड.