पाच पिवळ्या साड्यांचा पिको-फॉल

गेल्या फेब्रुवारीतला शेवटचा गुरुवार. रक्कम दीडशे रुपये. हजर तिघं : मी, माझी मुलगी शीतल आणि नंदाताई. नंदाताईंचं बुलढाण्यात पिको-फॉलचं दुकान आहे, शीतल तिथे अर्धवेळ काम करते. एवढं आधी लिहून टाकतो, कारण पुढचं लिहिताना माझं मलाच पटत नाही.

मी धाड गावाजवळ भाजीपाला पिकवतो. लाइटच्या वेळेप्रमाणे रात्रीही पाणी द्यायला जातो, आजवर कधी काही दिसलं नाही. कोणी असलं सांगू लागलं की मी विचारतो, 'किती अंतरावरून पाहिलं?' सांगणारा चिडतो आणि विषय संपतो.

शीतल बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. खोलीचं भाडं आपणच भरायचं म्हणून तिने हे काम धरलं, साडीमागे तीस रुपये. त्यात मैत्रिणींची लग्नं. घरी आली की जेवता जेवता डुलक्या घ्यायची. काम सोडायला लावायचं असं ठरवूनच मी त्या दिवशी एसटीत बसलो. तिला कळवलं नव्हतं... फोनवर ती मला गप्प करते.

चारच्या सुमारास पोचलो. दुकान लहान, दार एकच, दारातच नंदाताईंचा काउंटर. आत मशीनवर शीतल पाठमोरी बसलेली, बाजूला पिवळ्या साड्या.

"हिच्या मैत्रिणीची हळद हाय आज," नंदाताई म्हणाल्या. "पाची पोरींनी सारख्या साड्या घेतल्या अन् समद्या हिच्याच माथी मारल्या. आल्यापासून मान वर नाही केली. तुमीच सांगा काही, भाऊ. मायं त ऐकत नाही."

मी जवळ गेलो. "शीतल, बस झालं आता. सोड हे काम."

ती वळली नाही. फक्त मशीन थांबवली.

"मले कुठंच पुरं बसता येत नाही, बाबा. ना कॉलेजात, ना इथं."

आवाज तिचाच. मशीन पुन्हा सुरू झाली. चहा घेऊन येतो म्हणून बाहेर पडलो.

टपरी समोरच आहे, तिथून दुकानाचं दार सरळ दिसतं. तासाभराने, माझा दुसरा चहा संपत आला असताना, मला शीतल दिसली – पण रस्त्याच्या बाजूने, धावत येताना. अंगात लॅबचा पांढरा अ‍ॅप्रन, हातात जर्नल.

"बाबा? तुमी कवा आले?"

उत्तराची वाट न पाहता ती दुकानात शिरली. मी मागोमाग.

"काकू, चुकलं मायं. प्रॅक्टिकलची परीक्षा होती. बाहेरचे सर उशिरा आले, फोन बाहेर ठेवाले लावले. आता पोरी मले खाऊन टाकतीन. एक तरी साडी करून देते."

"गंमत करते का वं?" नंदाताई म्हणाल्या. "आत्ता त मशीनवर होती."

मशीन रिकामी होती. पाचही साड्या घडी घालून ठेवलेल्या. मागची भिंत मी हात लावून पाहिली. दार नाही, खिडकी नाही.

शीतलने एका साडीचा काठ उलटून बराच वेळ पाहिला. "टाके मायेच हायेत," ती म्हणाली.

मशीनवरच्या 'तिने' मला काय सांगितलं होतं, ते मी शीतलला सांगितलं. ती खाली बसली. "हे मी कोणालेच नाही बोलली, बाबा."

नंदाताईंनी दीडशे रुपये पुढे केले. शीतल घेईना.

"मी केलंच नाही त घेऊ कशी?"

"मंग देऊ कोणाले? काम त झालं न."

दोघी माझ्याकडे पाहू लागल्या. मला यात एवढंच कळत होतं की काम झालं म्हणजे मजुरी द्यावी लागते. "टाके तुये हायेत, तूच घे," मी म्हणालो. तिने घेतले. मग मी आधीच विचारायला हवं होतं ते विचारलं, "यातलं काय कमी करावं वाटते तुले?"

"काम सोडत नाही, बाबा. हळदीलेही जाते. फक्त मशीनवर रोज रोज नको."

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात जाऊन आलो. शेजारच्या टेबलवरची मुलगी म्हणाली, शीतल शेवटपर्यंत तिथेच होती. हजेरीपटावर सही आहे. तिच्यासारखी दिसणारी कोणी असेल, असं नंदाताई म्हणतात. असेल. पण पाच साड्या शिवून पैसे न घेता ती गेली कुठून? दार माझ्यासमोर होतं. चार महिने विचार करतोय, हिशेब जुळत नाही. कोणाला जुळवता आला तर सांगा.

शीतल आता आठवड्यातून तीन दिवस मशीनवर बसते. दीडशे रुपये नंदाताईंनी शीतलला दिले. मार्चपासून खोलीचं भाडं, महिन्याला अठराशे, मी घरमालकीणबाईंच्या हातात देतो.