वाकड्या चोचीचा पाहुणा

अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, आणि हे ती मला एकदाही विसरू देत नाही. सव्वीस वर्षं तिने अंडी उबवण्याच्या कारखान्यात काढली. काम एकच. अंड्यातून निघालेलं पिल्लू उचलायचं, पाय, डोळे, चोच बघायची. धड असेल तर उजवीकडच्या खोक्यात, अधू असेल तर डावीकडच्या डब्यात. डब्यातली पिल्लं संध्याकाळ बघत नसत. नोकरीच्या शेवटच्या दिवशी मात्र एक वाकड्या चोचीचं पिल्लू हातात आलं आणि बाईचा हात डावीकडे जाईना. घातलं ते जेवणाच्या पिशवीत आणि आणलं घरी.

चौथ्या दिवशी मला फोन. "ये गं लगेच. दिवसभर टोचतंय, पण हलकंच होत चाललंय."

गेले. स्वयंपाकघरात दिव्याखाली खोका, खोक्यात बशी, बशीत कोरडा भरडा. वरची चोच एकीकडे, खालची दुसरीकडे. पिल्लू टकटक टोचायचं, कण चोचीतून निसटायचा. मी त्याच्या गळ्याखालची पिशवी चाचपली. कोंबडीचं खाणं पोटात जाण्याआधी तिथे साठतं. साफ रिकामी होती.

"अगं, उपाशी मरतंय हे!" माझा पारा चढला. "सव्वीस वर्षं काय माशा मारल्यास?"

"पिल्लं एका दिवसाची असतानाच गाडीत भरून जायची गं," ती खाली बघत म्हणाली. "अंड्यातला बलक पोटात असतो, तो दोन-तीन दिवस पुरतो. खायला मी कधी घातलंच नाही. एकालाही नाही."

माझ्या परसात आयुष्यभर कोंबड्या, त्यामुळे हे कुणाला ठाऊक नसेल असं मला सुचलंच नव्हतं. मला माझ्या जिभेची लाज वाटली.

भरडा कोमट पाण्यात भिजवून दह्याइतका घट्ट केला. बशीऐवजी खोल वाटी घेतली आणि ती पिल्लाच्या पाठीइतकी उंच ठेवली. आता टोचायची गरज नव्हती, चोच बुडवून उपसलं की झालं. पठ्ठ्याने डोळ्यांपर्यंत तोंड माखून घेतलं. थोडं थोडं दे, पिशवी रिकामी झाल्याशिवाय पुन्हा देऊ नकोस, असं बजावून मी घरी आले.

पण ऐकेल ती अक्का कसली! तिने मायेने चारत ठेवलं, वर अंगात ताकद यावी म्हणून कोरड्या कण्याही घातल्या. सकाळी मी पुन्हा गेले, तर पिशवी दगडासारखी टणक. पिल्लू मान टाकून बसलेलं.

"मारलं गं मी याला," अक्का म्हणाली.

खाणं बंद केलं. चोचीच्या कडेला कोमट पाण्याचा एकेक थेंब सोडायचा, मग बोटाने पिशवी हलके हलके चोळायची. पिल्लाला कसं धरावं हे तिच्या हातांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून चोळायचं काम तिच्याकडेच दिलं. दुपारी पिशवी मऊ पडली आणि पिल्लाने तिच्या पदरावर शिटून ठेवलं.

"शिटलं! अगं शिटलं!" अक्का हसत सुटली, आणि हसता हसता रडायलाच लागली. मीही रडले, कशाला खोटं बोलू.

संध्याकाळी ती वाटी धरून बसली होती. पिल्लू उपसत होतं. ती ओल्या फडक्याने त्याची चोच पुसत होती.

"डाव्या डब्यात टाकली त्यांतली किती जगली असती गं," तिने विचारलं, "कुणी अशी वाटी धरली असती तर?"

मी तिच्या शेजारी जाऊन बसले आणि कललेली वाटी सरळ केली.