पितृपक्षात घर बघणारी विमलाबाई

आमच्या समोरचा फ्लॅट विकायचा आहे, हे विमलाबाईंना मीच सांगितलं. पहिला मजला, भरपूर ऊन, आणि विमलाबाई ज्यांना जेवणाचे डबे पुरवतात त्या कर्वेनगरातल्या मुली हाकेच्या अंतरावर. फक्त वेळ चुकली, असं मला वाटलं. पितृपक्ष लागला होता. या पंधरवड्यात आपल्याकडे कुणी नवं फडकंसुद्धा घेत नाही, मग घर बघणं दूरच.

"म्हणूनच आता पाहायचं," विमलाबाई म्हणाल्या.

विमलाबाई मूळच्या वाशीमकडच्या. नवरा नागोराव भोसरीला कारखान्यात होते, आता निवृत्त. दोघं मागच्या गल्लीत तळमजल्यावर भाड्यानं राहायची. तिथल्या भिंतींना बारा महिने ओल, आणि नागोरावांना दमा. पावसाळ्यात त्यांना बसून झोपावं लागे. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, औषधं मी बदलीन, भिंती तुम्ही बदला. विमलाबाईंनी ते ऐकलं आणि कोरडं घर मिळेपर्यंत थांबायचं नाही असं ठरवून टाकलं.

नागोराव मात्र हटून बसले. "बापाच्या पंधरवड्यात घराचं नाव कायले काढतं?"

"मी पाहाले चालली, घ्याले नाही," विमलाबाई चपला घालत म्हणाल्या. "अन् मामंजींले लेकाची धाप पाहवते का, ते इचारा आधी."

फ्लॅटचे मालक सुदर्शन फाटक. हे गृहस्थ 'या' म्हणतानाही 'कशाला आलात' असं म्हटल्यासारखं म्हणतात. त्यांनी दार अर्धंच उघडलं. "पितृपक्षात घर बघायला कावळे येतात, माणसं नाहीत."

"मग लवकर आत घ्या साहेब. कावळ्याले ताटकळत ठेवू नये."

मला हसू आवरेना. फाटकांनी दार पूर्ण उघडलं.

घर कसं बघावं, ते मी त्या दिवशी पाहिलं. आपण घर बघतो म्हणजे हॉल किती मोठा, सोफा कुठे मावेल, ते बघतो. विमलाबाईंनी हॉलकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी नळ सोडले आणि पाणी किती जोरात येतं ते बघितलं. खिडक्यांच्या कडांवरून बोट फिरवलं. मग बेडरूममध्ये जाऊन म्हणाल्या, "हे कपाट सरकवता का जरा?"

कपाटामागे, वर छताच्या कोपऱ्यापासून खाली उतरलेला एक पिवळट डाग होता. पोपडे सुटलेले.

"जुना आहे तो," फाटक म्हणाले. "घटस्थापनेच्या आत पेंटर येणारच आहे."

"तो यायच्या आधीच आली मी."

त्यांनी डागावर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. हात ओला झाला. चार दिवस पावसानं चांगली उघडीप दिली होती, बाहेरच्या भिंती खडखडीत वाळल्या होत्या. म्हणजे हे पावसाचं पाणी नव्हतं. वरच्या मजल्यावर, बरोबर याच कोपऱ्यावर, इंदुताई केळकरांचं न्हाणीघर होतं.

आणि फाटक आणि इंदुताई एकमेकांशी बोलत नव्हते. त्याचं कारणही हाच डाग. फाटकांचं म्हणणं, तुमची मोरी गळते. इंदुताईंचं म्हणणं, तुमची भिंतच भिकार. अशी भांडणं आपल्या सोसायट्यांमध्ये वर्षानुवर्षं चालतात, आणि दर दसऱ्याला रंगाचा एक हात देऊन झाकली जातात. मग रंगाला भुलून कुणीतरी मुहूर्तावर टोकन देतं आणि आषाढात डोक्याला हात लावतं.

मला वाटलं, संपलं. विमलाबाई आता दुसरं घर बघतील. त्या सरळ जिना चढून वर गेल्या.

इंदुताईंनी पहिल्याच वाक्यात तोडलं. "माझ्या बाथरूमला नवीन फरशी आहे. फाटकांनी पाठवलं असेल, तर परत जा."

"कोणी नाही पाठवलं ताई. मोरीच्या जाळीचं तोंड कपड्यानं बंद करू, पाणी भरू, त्यात कपड्यांची नीळ टाकू. खाली निळं उतरलं तर तुमचं, नाही उतरलं तर त्यांचं."

इंदुताईंना ही कल्पना आवडली. फाटकांना खोटं पाडायची संधी कोण सोडेल? "नाही उतरलं तर त्यांनी माझी माफी मागायची. जिन्यात उभं राहून, मोठ्यानं."

"मागतो की!" खालून फाटक ओरडले. ते जिन्यातच कान लावून उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी डागाच्या कडेला फिकट निळसर रेघ उमटली होती. इंदुताईंनी ती स्वतः खाली येऊन, चष्मा पुसून पाहिली. संध्याकाळी त्यांच्याकडे प्लंबर आला. फरशी फोडली, तर जाळीभोवतीचा सांधा तडकलेला. तो बदलला, पुन्हा पाणी भरून पाहिलं. खाली नवी ओल आली नाही.

आता फाटक घाईवर आले. घटस्थापनेला एक गिऱ्हाईक टोकन घेऊन येणार होतं. "तुम्ही आज बयाणा द्या, घर तुमचं. नाहीतर मी रंग मारून घेतो आणि त्यांना देतो."

"भिंत वाळू द्या. मग देते."

त्या रात्रीही नागोराव बसूनच झोपले. आता तेच म्हणू लागले, "दे ना बयाणा. हातचं घर जाईल."

"गेलं तर दुसरं पाहू. वाळली की नाही हे समजल्याबिगर तुमाले त्या खोलीत झोपवणार नाही." त्या काही बधल्या नाहीत.

रंगारी आला तेव्हा त्याला अडवलं ते इंदुताईंनी. "मी खर्च करून सांधा बदललाय. आत्ता रंग मारलात आणि आतली ओल पुन्हा फुटली, तर नाव माझं घेणार तुम्ही. आधी वाळू द्या!" जिन्यात अशा काही गरजल्या की रंगारी बादली उचलून निघून गेला. घटस्थापनेला आलेल्या गिऱ्हाइकानं उघडा डाग बघितला, मान हलवली आणि दुसरीकडे टोकन दिलं. फाटक आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत, म्हणजे तसा फारसा फरक पडला नाही.

दिवाळीच्या तोंडावर विमलाबाई पुन्हा आल्या, या वेळी नागोरावांना घेऊन. तळहात ठेवला. पोपडे खरवडून आत बोट घातलं. भुरभुरीत, कोरडं. तरी त्यांचं समाधान होईना. फाटकांची चटई मागून घेतली, त्या भिंतीशीच अंथरली आणि म्हणाल्या, "पडा जरा."

"लोकाच्या घरात?"

"पडा म्हणते ना."

आम्ही बाहेरच्या खोलीत चहा घेत बसलो. फाटकांनी करार पुढे सरकवला, विमलाबाईंनी हातानंच थांबवला. त्यांचं सगळं लक्ष आतल्या खोलीकडे होतं. खोकला नाही, धाप नाही. चहा संपला, कप विसळून झाले. मग आतून घोरण्याचा आवाज आला. संथ, एका लयीतला. नागोराव आडवे झोपले होते.

"उठवू का त्यांना?" फाटकांनी विचारलं.

"खबरदार," विमलाबाई हळूच म्हणाल्या. आणि पेन मागितलं.