भागाकारात गेलेलं वर्ष

ऐका, हे आत्ताच्या आत्ता सांगायचंय. टाईप करताना चुका झाल्या तर समजून घ्या.

आज आमच्या कॉलेजात पॉवरलिफ्टिंगची निवड झाली. मुलींमधून एकीलाच पुढच्या स्पर्धेला पाठवतात. जमिनीवरून बार उचलायचा, डेडलिफ्ट म्हणतात त्याला, त्यावरच ठरतं. माझं शेवटचं वर्ष. यंदा न्हाई तर कधीच न्हाई.

मागच्या वर्षापासून सांगते. तवा मी शेहेचाळीस किलोची होते न् शंभर उचलले. शंभर! एक सीनियर दीदी होती, अठ्ठ्याहत्तर किलोची, तिनं एकशेतीस उचलले. खेळाच्या सरांनी तिलाच पाठवलं. मी खडू घेतला न् जिमच्या भिंतीवरच मांडून दाखवलं.

"सर, उचललेलं वजन भागिले अंगाचं वजन करा ना. मी दुपटीच्या वर गेले, दीदी दुपटीला पण पोचली न्हाई."

सर हसले. "पोरी, बारला काय कळतं कोण किती किलोचं? जास्त उचललं त्याची ताकद जास्त. हिशोब सोड, जेवत जा."

मग मी जेवले. वर्षभर. माय तर खूश, लेकरू पहिल्यांदाच मागून खाऊन राहिलं म्हणून. सकाळी शेळीचं दूध, मग ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याचा कूट तर सगळ्यावरच. आमच्या गावाहून, कुरुंद्याहून, कॉलेजला जाताना बसमध्ये उकडलेली अंडी. शेजारच्या मावशी नाकाला पदर लावून म्हणायच्या, "काहून गं, घरी देत न्हाई का कोणी?" चुलतभाऊ म्हणायचा, "हिला आता हळद उकडायच्या कढईतच वाढा." ड्रेस दोनदा उसवले. पण एकोणसाठ किलो झाले न् एकशेवीस उचलायला लागले. दीदी तर पास होऊन गेलेली. माझ्याएवढं उचलणारी कॉलेजात दुसरी कोणी न्हाई. म्हणलं, झालं काम!

कॉलेजचा वजनकाटा बिघडलेला, म्हणून आज आमाला जवळच्या हळदीच्या दुकानात नेलं. तिथं पोत्यांच्या काट्यावर उभं केलं. दुकानवाले काका मला बघून म्हणले, "पोरी, रिकाम्या पोत्याचं बारदान किती वजा धरू?" सगळे हसले, मी पण.

"काका, बारदानासकट लिहा!"

एकोणसाठ. केवढा अभिमान वाटला मला! माझ्यामागं फर्स्ट इयरची एक पोरगी होती. तिचं बेचाळीस.

मी एकशेवीस उचलले, तिनं नव्वद. मी दम खात होते, तेवढ्यात सर मोबाईलवर भागाकार करत आले. म्हणले, "यंदापासून अंगाच्या वजनानं भागायचं. तू म्हणली होतीस ना, बराबर होतं तुझं."

माझं दोन पॉइंट शून्य तीन. तिचं दोन पॉइंट चौदा.

"सर, पण नुसत्या भागाकारात हलक्याचाच फायदा होतो! मोठ्या स्पर्धेत वजनगट असतात, वेगळं सूत्र असतं..."

"मागच्या वर्षी हे काहून न्हाई आठवलं?"

तवा मी हलकी होते. खरंच न्हाई आठवलं.

बघा ना, यंदाचा नियम मागच्या वर्षी असता तर मी गेले असते. मागचा यंदा असता तरी मीच गेले असते. त्या पोरीचा राग पण येत न्हाई हो. जाताना पाया पडायला आली. म्हणली, "ताई, तुमी खूप भारी उचलता, मला शिकवाल का?" मी व्हय म्हणलं न् सरळ बस स्टँडवर आले.

घरी आले तर माय ताट वाढून बसलेली. तिला अजून सांगितलं न्हाई. कुटाची वाटी पुढं सरकवून म्हणली, "खा पोटभर, कमी पडायला नको." खाल्लं. आता वजन घटवून पण काय न् वाढवून पण काय, पुढचं वर्षच न्हाई.

तुमच्यासोबत झालंय का असं कधी? तुमचं म्हणणं मान्य झालं, पण तुमी पार बदलून गेल्यावर? सांगा ना. खरंच सांगा.